गुंगीचं इंजेक्शन आणि माझे शेवटचे दिवस

तोंडात चहाचा घोट असेल तर आधी गिळून घ्या बुवा. नंतर ठसका लागला तर मला बोल लावू नका! कारण माझ्या हातून जे झालं ते साधंसुधं नाही. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, एका बुधवारी सकाळी आठपासून साडेअकरापर्यंत मी मरणाच्या दारात उभा होतो. डॉक्टरांना याचा पत्ता नव्हता. बायकोला नव्हता. खात्री होती ती मला एकट्याला!

आणि माझी खात्री म्हणजे कुणाचीही खात्री नव्हे हं. मी तेहतीस वर्षं भोपाळच्या एका मोठ्या कारखान्यात क्वालिटी विभागात काढली. माल आला की मोजायचा, आणि एक तर पास म्हणायचं, नाहीतर रिजेक्ट. पुराव्याशिवाय मी साधा नट पास केला नाही कधी. आणि त्या बुधवारीसुद्धा मी पुरावेच गोळा केले हो. एकेक पुरावा अस्सल. निकाल तेवढा उलटा लावला.

झालं असं, की दोन महिने पोट नीट नव्हतं. माझे वडील आतड्याच्याच दुखण्यानं गेले, त्यामुळे मी आतून टरकलो होतो, पण वरून "ॲसिडिटी आहे, ॲसिडिटी" म्हणत होतो. शेवटी आमच्या नलूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं. नलू नागपूरची. चौतीस वर्षं भोपाळात राहून तिचं नागपूर काही सुटलं नाही. मध्ये थोडी हिंदी येऊन बसली, एवढंच.

जवाहर चौकाच्या मागे एक छोटं हॉस्पिटल आहे, तिथल्या डॉक्टर मॅडम. वय असेल पस्तीस. माझी मुलगीच म्हणा. त्या म्हणाल्या, आतड्यात दुर्बीण घालून बघू. आणि मग समजावून सांगायला लागल्या, "अंकल, हल्की नींद का इंजेक्शन देंगे. पूरी बेहोशी नहीं है. आप बात करेंगे, सुनेंगे, जवाब देंगे, पर हो सकता है बाद में कुछ याद न रहे. इसलिए चौबीस घंटे गाडी नहीं चलाना, कहीं दस्तखत नहीं करना, कोई बडा फैसला नहीं लेना. और जो मैं बताऊंगी, वो आंटी भी साथ में सुनेंगी."

आता माणसानं हो म्हणावं की नाही? पण नाही!

मी म्हटलं, "मॅडम, मेरी याददाश्त की चिंता आप मत कीजिए. तीस साल पुराने ड्रॉइंग के नंबर मुझे आज भी मुंहजबानी याद हैं. सुनाऊं?"

आणि सुनावले की मी! यंत्रांच्या नकाशांचे चार नंबर सुनावले. मॅडम ऐकत होत्या बिचाऱ्या. नलू छताकडे बघत होती.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "बाप्पा, काय गरज होती?"

"गरज म्हणजे? त्यांना कळायला नको, पेशंट कोण आहे ते?"

तपासणीच्या आधी पोट साफ करायला एक पावडर देतात. लिटरच्या लिटर पाण्यात घोळायची आणि पीत राहायची. तो दिवस मी वर्णन करणार नाही, तुमच्यापैकी काहींच्या पुढ्यात खायला आहे. एवढंच सांगतो, की सोळाव्या खेपेनंतर मी कडी लावणं सोडून दिलं होतं.

मंगळवारी दुपारी मला टेबलावर घेतलं. कुशीवर निजवलं. केरळची एक हसरी सिस्टर होती, तिनं हातात सुई टोचली आणि सहज विचारलं, "अंकल, कहां रहते हैं आप?"

मी म्हटलं, "अयोध्या नगर."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्यातलं 'अयोध्या' मला आठवतं. 'नगर' कुठे गेलं, देव जाणे!

त्यानंतर थेट बुधवारची सकाळ. मधे कुठेतरी एक पिवळी खिचडी आठवत होती, एक रिक्षाचा आरसा आठवत होता, बस. बाकी सगळं कोरं. एखाद्यानं वहीतलं पान इतकं सफाईदार फाडावं, की फाडल्याची खूणसुद्धा राहू नये, तसं.

डोळे उघडले तर उशाशी नलू उभी. हातात चहाचा कप! चौतीस वर्षांच्या संसारात मला पलंगावर चहा मिळाला नव्हता हो. आमच्याकडे चहा हवा असेल तर स्वयंपाकघरात हजेरी लावावी लागते. आणि ही बाई कप घेऊन उभी, वर मंद हसतेय, आणि डोळे? ओले!

"कसं वाटून राहिलं?" तिनं इतक्या मऊ आवाजात विचारलं, की मी उठून बसलो.

"बरं आहे. का?"

"काही नाही. पडून राहा तुम्ही. आजपासून कसली घाई नाही आपल्याला."

कसली घाई नाही? घाई कुणाला नसते सांगा बरं?

आता मला सरळ विचारता आलं असतं, की बाई, काल डॉक्टर काय म्हणाले? चार शब्दांचा प्रश्न. पण विचारणार कोण? ज्यानं डॉक्टरांना ड्रॉइंगचे नंबर म्हणून दाखवले तो? 'मला काही आठवत नाही' हे वाक्य म्हणायला मी तयार नव्हतो. शिवाय खरं सांगू? उत्तराचीच भीती वाटत होती. वडिलांच्या वेळी आईनंही असाच मऊ आवाज लावला होता.

म्हणून मी ठरवलं, विचारायचं नाही. तपासायचं.

तेवढ्यात पुण्याहून मुक्ताचा फोन आला. मुक्ता आमची एकुलती एक मुलगी. तिनं दोन वर्षांपूर्वी कंपनीतली चांगली कॉम्प्युटरची नोकरी सोडून रोपवाटिका काढली. तेव्हापासून मी तिच्याशी फोनवर फक्त हवामानाबद्दल बोलत असे. रोपं कशी आहेत, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, आणि पुढे नुसतं नाक ओढल्याचा आवाज.

"काय झालं गं?"

"काही नाही. तुम्ही काल जे बोललात ना… मी रात्रभर त्याचाच विचार करत होते. बाबा, मी शनिवारी येतेय. चांगली आठ दिवस राहणार आहे तुमच्याजवळ."

पोरगी आठ दिवस येतेय! दिवाळीला दीड दिवस येणारी पोरगी! आणि मी काल काय बोललो? निरोपाचं काही बोललो की काय?

"ये," मी म्हटलं. "लवकर ये."

फोन ठेवला आणि कानोसा घेतला. नलू स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मी मांजराच्या पावलांनी कपाटापाशी गेलो. हॉस्पिटलची फाइल वरच्या फळीवर होती. खुर्ची ओढली, चढलो, फाइल काढली. आत इंग्रजीत टाइप केलेला रिपोर्ट आणि माझ्या आतड्याचे रंगीत फोटो. गुलाबी बोगदे! आणि एका फोटोत, बोगद्याच्या भिंतीला चिकटलेला एक दाणा. त्यावर बाण काढलेला.

खाली लिहिलं होतं, पॉलिप. म्हणजे गाठ. काढली. तपासणीला पाठवली. अहवाल यायचा आहे.

पुढे आणखी दोन ओळी होत्या, पण त्या वाचायला डोळ्यांपुढे अक्षरं उभी राहायला हवीत ना! मी खुर्चीवर उभा, हातात फाइल. आधी पलंगावर चहा. मग पोरगी. आता गाठ. सांगा, तुम्ही माझ्या जागी असतात तर काय निकाल लावला असता?

"काय शोधून राहिले तुम्ही?" मागून नलूचा आवाज.

"काही नाही. पंखा पुसत होतो."

"हातानं?"

तिनं मला खाली उतरवलं आणि वर माझ्या पाठीवरून हात फिरवला. झालं! उरलीसुरली शंकाही गेली.

तोवर साडेदहा वाजले होते. मी खिडकीशी बसून आयुष्याचा हिशेब मांडत होतो, आणि काय सांगू, जमेच्या बाजूला फार काही सापडत नव्हतं. दाराची बेल वाजली. नलूनं दार उघडलं. आणि दारात कोण? मनोहर!

हा मनोहर कोण ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मनोहर आमच्या कारखान्याच्या मशीन शॉपचा फोरमन. वीस वर्षं आम्ही शेजारी होतो. एका स्कूटरवरून कामावर जायचो, त्याच्या बायकोच्या हातचं लोणचं आमच्या डब्यात आणि आमची चटणी त्याच्या. मुक्ता सायकल शिकली ती त्याच्याकडून. आणि अकरा वर्षांपूर्वी एका शाफ्टवरून आमचं बोलणं बंद झालं. शाफ्ट म्हणजे यंत्राचा लोखंडी दांडा, माणसापेक्षा लांब. मनोहरच्या हाताखाली महिनाभर खपून तयार झाला होता. मी मोजला आणि साहेबांसमोर, दहा माणसांदेखत सांगितलं, "माप कमी आहे. रिजेक्ट."

मनोहर म्हणाला, "पुन्हा मोज."

मी म्हटलं, "माझं माप चुकत नाही."

त्या वर्षी त्याचं प्रमोशन अडलं.

पंधरा दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ज्या मायक्रोमीटरनं मी मोजलं होतं, म्हणजे केसाची जाडी मोजणारं ते हत्यार, त्याचंच शून्य सरकलेलं होतं. शाफ्ट बरोबर होता. चूक माझी होती. मी गुपचूप पुन्हा मोजला आणि कागदावर 'फेरतपासणीत पास' असं लिहून मोकळा झालो. मनोहरला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता अकरा वर्षं गेली. तो रिटायर झाला, मुलाच्या सरकारी क्वार्टरमध्ये तुलसी नगरला राहायला गेला. बाजारात दिसला तर मी भाज्या बघायचो. नलूलासुद्धा यातलं काही सांगितलं नव्हतं. ती विचारायची, "झालं काय तुमच्यात?" मी म्हणायचो, "त्याचा स्वभाव!"

तो मनोहर दारात उभा! एका हातात शहाळं, दुसऱ्या हातात डबा. केस सगळे पांढरे झालेले. आत आला, शहाळं टीपॉयवर ठेवलं, आणि एक शब्द न बोलता मला मिठी मारली.

आणि मी काय केलं? मी मनात म्हटलं, 'मनोहर आला. म्हणजे आठवडासुद्धा नाही.'

"कसा आहेस?" त्यानं विचारलं.

"तू बघतोच आहेस. तुला कळलं तर."

"कळलं ना. ऐकलं आणि राहवलं नाही बघ. आमच्या हिनं पहाटे उठून मऊ भात केला तुझ्यासाठी."

मऊ भात! आजाऱ्याचं खाणं!

"मनोहर, तू आलास, बरं केलंस. उशीर झाला असता तर…"

"झालाच आहे उशीर," तो म्हणाला. "अकरा वर्षं काय थोडी झाली? आता मागचं काढायचं नाही. जे काय दिवस हातात आहेत ते हसत घालवायचे. मी रोज येत जाईन."

जे काय दिवस हातात आहेत! ऐकलंत ना? मी काही मनानं जोडत नाही. तो असंच म्हणाला!

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी उठलो, पलंगाखालून माझी हत्यारांची पेटी ओढली. तेहतीस वर्षांत जमवलेली खास हत्यारं, मी ती मुक्तालासुद्धा हाताळू देत नसे. पेटी मनोहरच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"तुला. माझ्यानंतर कोण वापरणार?"

"तुझ्यानंतर? तू कुठे चाललास?"

मला वाटलं, बिचारा, मला धीर देतोय. मी त्याचा हात धरला. "लपवू नकोस मनोहर. मी धीराचा माणूस आहे. फक्त नलूकडे लक्ष ठेव. तिला बँकेची कामं जमत नाहीत. गॅसचा रेग्युलेटर कडक आहे, तिला फिरवता येत नाही. आणि मुक्ताच्या रोपवाटिकेला एकदा जाऊन ये. मी गेलो नाही कधी."

मनोहरनं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग हळूच स्वयंपाकघराकडे वळून म्हणाला, "वहिनी, जरा बाहेर या. याचं औषध अजून उतरलेलं दिसत नाही."

"थांब!" मी म्हटलं. नलू येण्याआधी मला ते एक सांगून टाकायचं होतं. आता नाही तर कधी? "मनोहर, जाण्याआधी एक ओझं उतरवायचंय. तो शाफ्ट…"

"शून्य सरकलेलं होतं," मनोहर म्हणाला.

मी गार! "तुला… तुला कुणी सांगितलं?"

"तूच की."

"मी? कधी?"

"काल. तीनदा."

पदराला हात पुसत नलू बाहेर आली. मी एकदा तिच्याकडे बघतोय, एकदा त्याच्याकडे. म्हटलं, "नलू, आता खरं काय ते सांग. मी किती दिवसांचा सोबती आहे?"

"कोण म्हणे?"

"ती गाठ! तो बाण! तुझा चहा! मुक्ताचं रडणं! हा माणूस अकरा वर्षांनी मऊ भात घेऊन आला, तो काय उगाच?"

नलूनं कमरेवर हात ठेवले. आणि ते मऊ, दयाळू, पलंगावर चहा देणारं रूप एका क्षणात गेलं. माझी नेहमीची बायको परत आली. देवाशपथ सांगतो, इतका आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता!

"तुम्हाला डॉक्टरीणबाईनं चारदा सांगितलं! चारदा! की दाण्याएवढा मोड होता, तिथल्या तिथं काढून टाकला, बाकी सगळं साफ आहे, रिवाज म्हणून तपासायला पाठवतो, काळजीचं काही नाही. तुम्ही दर वेळी 'अच्छा, अच्छा' म्हणायचे आणि दोन मिनिटांनी पुन्हा, 'मॅडम, शुरू कब करेंगे?' चौथ्यांदा तर हात जोडून म्हणाले, 'हमको सब समझ में आ गया, आप निश्चिंत रहिए.' आणि त्यांना चार नंबर म्हणून दाखवले!"

"मग तू सकाळी मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं का? आणि इतके नीट बोलत होते तुम्ही काल, मला काय माहीत की आत कोणीच नाही?"

आत कोणीच नाही! चौतीस वर्षांत नवऱ्याचं इतकं नेमकं वर्णन कुठल्या बायकोनं केलं असेल?

मग एकेक उलगडलं. नलू औषधाच्या दुकानात गेली होती तेव्हा मी हॉस्पिटलच्या पलंगावरून, तिथेच ठेवलेल्या तिच्या पिशवीतला माझा फोन काढला आणि मनोहरला लावला. अकरा वर्षं बोललो नव्हतो, पण नंबर काही पुसला नव्हता. नलूनं फोन काढून माझ्यापुढे धरला. खरंच! मनोहर, दुपारी, बावीस मिनिटं. मनोहर, घरी आल्यावर, अठरा मिनिटं. मनोहर, संध्याकाळी, अर्धा तास. मधे मुक्ता, एक्केचाळीस मिनिटं! पुरावा म्हणजे पुरावा. तोही माझ्याच फोनमध्ये. सकाळपासून सगळं घर तपासलं, फोन तेवढा तपासला नव्हता!

"पहिल्यांदा फोन आला," मनोहर सांगायला लागला, "तर तू म्हणालास, 'मनोहर, मी आज आतून पूर्ण स्वच्छ झालोय.' मला वाटलं, हा कुठल्या महाराजांच्या नादी लागला की काय! मग रडलास. मग शाफ्टचं सांगितलंस. दुसऱ्यांदा पुन्हा तेच, पहिल्यापासून. तिसऱ्यांदा तू मला विचारलंस, 'हे मी तुला आधी सांगितलंय का रे?'"

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

"नाही का म्हणालास?"

मनोहर पेटीच्या कडीशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "पुन्हा ऐकायचं होतं मला."

नलू उगाच शहाळं उचलून आत घेऊन गेली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"शाफ्ट पंधरा दिवसांत पास झाला तेव्हाच ओळखलं. इतकी वर्षं मशिनवर घालवली मी, एवढं कळणार नाही? तुझ्या चुकीचा राग नव्हता रे. माप कुणाचंही चुकतं. तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत होतो. मग वाट बघायची सवयच लागली."

आता सांगा, अशा माणसाला काय म्हणावं? मला वाटलं, गुंगीत सांगितलेलं हे खरं सांगणं नव्हे. आता शुद्धीत आहोत, तर नीट, उभं राहून माफी मागावी. मी उठलो. घसा साफ केला.

"मनोहर," मी म्हटलं, "त्या वेळची परिस्थिती लक्षात घेता, म्हणजे मशीन शॉपमधलं तापमान, वरून डिलिव्हरीचा दबाव, आणि उपकरणाच्या तपासणीचं जे वेळापत्रक होतं त्यात… म्हणजे तांत्रिकदृष्ट्या पाहता, दोष पूर्णपणे एका व्यक्तीचा म्हणता येणार नाही, तथापि…"

मनोहरनं हात वर केला.

"बस रे बाबा," तो म्हणाला. "काल फार छान बोलला होतास. तेच राहू दे!"

आतून नलू मोठ्यानं हसली. मग मनोहर. मग मीही. मऊ भात तिघांनी मिळून खाल्ला, आणि माझ्या वाट्याला आलेला मी पहिल्यांदाच बिनतक्रार संपवला.

मुक्ताला मी काय बोललो होतो, ते तिनं शनिवारी येऊन सांगितलं. मी म्हणे तिला म्हटलं, की तू नोकरी सोडलीस तेव्हा मला राग नाही आला, हेवा वाटला; माझं कधी असं धाडस झालं नसतं. हे मी म्हटलं? मी नीट विचार करून बघितलं. खरंच होतं ते. मला स्वतःलाच माहीत नव्हतं, इतकंच. आणि पलंगावरच्या चहाचं गुपित? रिक्षात मी नलूचा हात धरून म्हणालो होतो, की तू नागपूरची शाळेतली नोकरी सोडून माझ्या मागे या गावात आलीस, आणि मी तुला एकदाही थँक्यू म्हटलं नाही. रिक्षावाला अयोध्या नगरपर्यंत डोळे पुसत होता म्हणे. हे नलूचं म्हणणं आहे. मी मोजलेलं नाही.

दहा दिवसांनी अहवाल घ्यायला गेलो. मनोहर बरोबर होता, त्यानंच गाडी चालवली. गाठ साधी होती, काही वाईट नव्हतं. मॅडमनी कागद पुढे केला तेव्हा मला त्यांचे पायच धरावेसे वाटले. ज्या दुखण्यानं माझे वडील गेले, त्याच्या वाटेवरचा तो दाणा या पोरीनं दहा मिनिटांत खुडून टाकला होता. वर आणखी काय काय मोकळं केलं होतं, त्याची तिला कल्पनाही नव्हती. मी या वेळी एकही नंबर म्हणून दाखवला नाही. फक्त "थँक्यू बेटा" म्हटलं.

ती केरळची सिस्टर हसत म्हणाली, "अंकल, आप तो उस दिन हमारी बीपी की मशीन रिजेक्ट कर रहे थे!"

मी कानाला हात लावले. आता कुणी काही म्हणालं तरी मान्य करायचं, असं मी ठरवून टाकलंय. मंगळवारी दुपारनंतरचा मी कोण होतो, हे बाकीच्यांनाच जास्त माहीत. आणि खरं सांगतो, सगळ्यांना तो जास्त आवडलेला दिसतो.

निघताना मॅडम म्हणाल्या, "सब ठीक है अंकल. अब यही जांच तीन साल बाद फिर करवा लेना. वही हल्का वाला इंजेक्शन."

नलू दारापर्यंत गेलेली परत फिरली. मॅडमच्या टेबलावर दोन्ही हात टेकून अगदी काकुळतीला येऊन म्हणाली,

"तीन साल तो बहुत होते हैं मॅडम. हर छह महीने में नहीं दे सकते क्या?"